एकाच खोलीतले दोन भाडेकरू

प्रश्न : सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ मी वाचनालयातून आणून वाचली. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने त्यावरचा चित्रपट मोबाइलवर, भाईंदर लोकलमध्ये जाता-येता पाहिला. तेव्हापासून घरात वाद चालू आहे. ती म्हणते, ही तनयची गोष्ट. मी म्हणते, निम्मी अनुजाची. ती म्हणते, पुस्तक आणि चित्रपट एकाच माणसाचे आहेत, मग एवढा फरक पडेलच कसा? तुम्हीच निकाल द्या. सोबत आम्हा दोघींच्या आणखी काही शंका पाठवत आहे.
– एक वाचक, भाईंदर (पश्चिम)

उत्तर : निकाल आधीच सांगून टाकतो. दोघींचंही बरोबर आहे, कारण दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी अनुभवल्या आहेत. ज्यांनी यातलं काहीच वाचलं-पाहिलं नसेल त्यांना आधीच सावध करतो. पुढे कथानक उघड होणार आहे.

ज्यांना तरीही वाचायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘कोबाल्ट ब्लू’ मौज प्रकाशनाने २००६ साली काढली. कुंडलकरांनी ती त्याच्या बरीच आधी, विशीच्या सुरुवातीला लिहिली होती. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर. वरची खोली रिकामी असते, ती एका तरुण चित्रकाराला भाड्याने दिली जाते. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. घरातली मुलगी अनुजाही त्याच्याच प्रेमात पडते आणि एक दिवस त्याच्याबरोबर पळून जाते. मग तो तिलाही सोडून नाहीसा होतो. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. चित्रपट २ एप्रिल २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर आला. पटकथा आणि दिग्दर्शन कुंडलकरांचंच. तनयच्या भूमिकेत नीलय मेहेंदळे, अनुजाच्या अंजली शिवरामन, भाडेकरूच्या प्रतीक बब्बर आणि आईच्या गीतांजली कुलकर्णी.

आता एकेक शंका घेऊ.

१. मग ही गोष्ट नेमकी कोणाची?

कादंबरीत दोन भाग आहेत. पहिला तनयचा. तो आपल्याशी बोलतच नाही, निघून गेलेल्या माणसाशी बोलतो. तू असा बसायचास, तू असं म्हणाला होतास, या चालीवर सगळं निवेदन जातं. आईला, बाबांना, थोरल्या भावाला जे सांगता येत नाही ते ऐकायला जगात एकच माणूस होता आणि तोच आता नाही. वाचक त्या बोलण्यात भिंतीला कान लावून उभा असतो. दुसरा भाग ही अनुजाची डायरी आहे. ती घरी परतली आहे, मोडून गेली आहे आणि सावरण्यासाठी लिहिते आहे.

कादंबरीची खरी करामत या मांडणीत आहे. पहिला भाग संपतो तेव्हा त्या माणसाबद्दल सगळं कळलं, असं आपल्याला वाटतं. अनुजाची डायरी सुरू झाली की तोच माणूस, तीच खोली, तेच घर, पण जरा बाजूला सरकलेलं दिसायला लागतं. तनयच्या बोलण्यात अनुजा कडेने ये-जा करणारी बहीण असते, अनुजाच्या डायरीत तनय तसाच कडेचा भाऊ होतो. एका घरात, एका ताटातलं जेवणारी ही दोन माणसं एकमेकांच्या सर्वांत मोठ्या घटनेत जवळजवळ हजरच नाहीत. अनुजा घरातल्या एखाद्या साध्या संध्याकाळबद्दल लिहिते तेव्हा त्या वेळी तनयच्या मनात काय चाललं असेल हे वाचकाला ठाऊक असतं, तिला नसतं. हे ओझं वाचकाच्या एकट्याच्या डोक्यावर येतं. पानागणिक वाटत राहतं की कोणीतरी या दोघांना समोरासमोर बसवावं.

चित्रपटात ही उतरंड नाही. तिथे निवेदक एकच, तनय. अनुजा आहे आणि चांगली ठसठशीत आहे. ती हॉकी खेळते, केस आखूड ठेवते, लग्नाच्या बाजारात उभी राहायला तयार नाही. पण आपण तिला बाहेरून बघतो. तिच्या डोक्यात बसून त्या माणसाकडे बघायची सोय चित्रपटाने ठेवलेली नाही. तुमच्या मुलीला ही तनयची गोष्ट वाटली ती म्हणूनच. तिने पाहिलेली गोष्ट तनयचीच होती. तुम्ही वाचलेली दोघांची.

२. मुलगी म्हणते, प्रतीक बब्बरमुळे तो भाडेकरू तिला आवडला नाही. मला पुस्तकात तो फार आवडला होता. नटाचा दोष म्हणायचा का?

नटाचा नाही. त्याच्यावर सोपवलेलं काम कोणालाही जड गेलं असतं.

कादंबरीत या माणसाला नाव नाही. चित्रपटातही नाही. पण चित्रपटात नाव नसलं तरी चेहरा द्यावाच लागतो आणि मेख तिथेच आहे. पुस्तकातला तो माणूस तनयच्या आठवणीत आणि अनुजाच्या वहीत राहतो, त्याबाहेर त्याला अस्तित्वच नाही. म्हणजे त्या खोलीत खरं तर दोन भाडेकरू आहेत. एक तनयने रचलेला, एक अनुजाने. दोघांची वर्णनं कुठे जुळतात, कुठे अजिबात जुळत नाहीत. खरा कसा होता, हे लेखक सांगत नाही. वाचक आपल्या मनातला तिसराच एक उभा करतो आणि तो अर्थातच देखणा असतो. पडद्यावर मात्र एक नट, एक आवाज, एक चालण्याची ढब. दोन प्रेमिकांचे दोन भाडेकरू एकाच देहात कोंबले की दोघांपैकी कोणाचाच तो पुरता उरत नाही.

यावर चित्रपटवाल्यांनी उपाय शोधले नाहीत असं नाही. कुरोसावाने १९५० साली ‘राशोमोन’मध्ये एकच घटना वेगवेगळ्या साक्षीदारांच्या तोंडून पुन्हा पुन्हा दाखवली आणि प्रत्येक वेळी त्याच नटांकडून वेगळी माणसं उभी करून घेतली. लुई बुन्युएल त्याहून पुढे गेला. पिएर लुईच्या कादंबरीवरून त्याने १९७७ साली केलेल्या ‘दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर’मध्ये नायिकेची एकच भूमिका दोन नट्यांना वाटून दिली. कधी ही, कधी ती. नायकाच्या ते लक्षातही येत नाही. ‘कोबाल्ट ब्लू’ला हा मार्ग शोभला असता, असं मला वाटतं.

तुमच्या मुलीच्या वयाची मुलं जो चित्रपट हमखास पाहतात त्या ‘लव्ह, सायमन’मध्येही हीच अडचण होती. बेकी अल्बर्टली यांची किशोरांसाठीची कादंबरी २०१५ साली आली, ‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’ या लांबलचक नावाने. ग्रेग बर्लांटीचा चित्रपट २०१८चा. अमेरिकेतला एक शाळकरी मुलगा दुसऱ्या एका मुलाशी ईमेलवर बोलतो. दोघांनीही टोपणनावं घेतली आहेत. समोरच्याचं टोपणनाव आहे ‘ब्लू’. हा निळा योगायोग वाचकांनी नोंदवून ठेवावा. पुस्तकात ब्लू म्हणजे निव्वळ अक्षरं. चित्रपटाने युक्ती अशी केली की सायमनला ज्या मुलाचा संशय येतो त्याचाच चेहरा त्या वेळी ब्लूला मिळतो. संशय फिटला की चेहरा बदलतो. प्रेम करणारा समोरच्याला स्वतःच घडवत असतो, ही गोष्ट या बदलत्या चेहऱ्यांनी एक वाक्यही न बोलता सांगितली. ‘कोबाल्ट ब्लू’ कितीतरी मुरलेलं, खोल पुस्तक आहे. पण या एका मुद्द्यावर हॉलिवूडच्या त्या गोडगोड चित्रपटाने जास्त डोकं चालवलं, हे कबूल केलं पाहिजे.

३. मराठी लेखकाची पुण्यातली गोष्ट हिंदी-इंग्रजी बोलत केरळात का गेली?

चित्रपट घडतो फोर्ट कोचीमध्ये, नव्वदच्या दशकात. घर मराठी, आजूबाजूचं जग मल्याळी, कॉलेज इंग्रजी आणि संवाद बहुतेक हिंदी. नेटफ्लिक्ससारख्या देशभराच्या, जगभराच्या प्रेक्षकासाठी चित्रपट करायचा तर भाषेचा हिशेब बदलतो, हे उघड आहे. पण गाव बदलण्यात मला फक्त हिशेब दिसत नाही. कुंडलकरांना समुद्रकाठची, परक्या राजवटींचे थर अंगावर बाळगणारी गावं आवडतात. ‘कोबाल्ट ब्लू’च्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांचा ‘पाँडिचेरी’ हा मराठी चित्रपट आला, तो अख्खा स्मार्टफोनवर चित्रित केलेला. तिथे फ्रेंचांचं गाव, इथे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज असे तिघेही राहून गेलेलं गाव.

कोचीमुळे चित्रपट देखणा झाला यात वाद नाही. छायालेखक व्हिन्सेन्झो कोन्दोरेली यांनी पाणी, ओल्या भिंती, जुने व्हरांडे फार सुरेख टिपले आहेत. घर गावात उपरं असल्याने तनयचं एकटेपण जरा आयतंच मिळतं. घरापासून दूर, भाषेपासून दूर, त्यात हा असा. पण नेमकं इथेच पुस्तकातलं काहीतरी निसटतं. पुस्तकातला तनय परक्या गावात एकटा नाही. तो स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत, चार पिढ्या ओळखीच्या माणसांत एकटा आहे. ज्या घरात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे कोणी कोणाला ओळखत नाही, ही कादंबरीची धार होती. पुण्याच्या पेठेत किंवा कॉलनीत राहिलेल्या माणसाला ती बोचते. कोचीच्या उन्हात ती बरीच बोथट होते.

४. मुलीची मैत्रीण म्हणाली, हा तर ‘कॉल मी बाय युवर नेम’चा देशी अवतार. खरं का?

तिला तारखा दाखवा. ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची. आंद्रे असिमान यांची ‘कॉल मी बाय युवर नेम’ २००७ची. लुका ग्वादानीनोचा चित्रपट २०१७चा. मराठी कादंबरी आधीची आहे आणि असिमान यांनी ती वाचली असण्याचा प्रश्नच नाही, कारण इंग्रजी अनुवाद २०१३मध्ये आला.

साम्य मात्र आहे आणि ते मजेशीर आहे. तिथेही घरात एक पाहुणा राहायला येतो. घरातल्या मुलाला, एलिओला, आपली खोली त्याच्यासाठी रिकामी करावी लागते. ‘कोबाल्ट ब्लू’ चित्रपटाच्या सुरुवातीला आजी-आजोबा जातात, वरची खोली मोकळी होते, तनय ती आपल्याला मिळणार म्हणून मनात मांडणीही करून बसतो आणि बाबा ती पेइंग गेस्टला देऊन मोकळे होतात. आधी खोलीवरून राग, मग त्याच खोलीची ओढ. घरच्या पोराला बेदखल करूनच पाहुणा आत येतो. या घराण्याचा मूळपुरुष शोधायचाच तर पाझोलिनीच्या १९६८च्या ‘तेओरेमा’पर्यंत जावं लागेल. तिथेही एक निनावी पाहुणा येतो, घरातल्या प्रत्येकाला वेड लावतो, निघून जातो आणि मागे राहिलेलं घर पूर्वीसारखं राहत नाही.

असिमानच्या पुस्तकाचंही चित्रपटात गाव बदललं. कादंबरी इटलीच्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर घडते, चित्रपट उत्तरेत क्रेमा या गावात. पुस्तक वीस वर्षं पुढे जातं, चित्रपट त्याच वर्षीच्या हिवाळ्यात थांबतो. एलिओचं निवेदन चित्रपटाने सरळ काढून टाकलं. तरी फारसं बिघडलं नाही, कारण तिथे मुळात सांगणारा एकच होता. एका माणसाची आठवण त्याच्या चेहऱ्यावर दाखवता येते. दोन माणसांच्या न जुळणाऱ्या आठवणी एका चेहऱ्यावर दाखवता येत नाहीत. ‘कोबाल्ट ब्लू’चं काम म्हणूनच जास्त अवघड होतं.

५. लेखकाने हे स्वतःच्या आयुष्यातलं लिहिलं असेल का?

हा प्रश्न दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या पुस्तकाबद्दल येतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. पुस्तकात आहे तेवढं वाचकाचं. बाकीचं लेखकाचं.

या विषयात तर हा प्रश्न विचारताना हात जरा आखडताच घ्यावा. मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या बेकी अल्बर्टली पूर्वी व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ, लग्न झालेल्या, दोन मुलांच्या आई. त्यांच्यावर वर्षानुवर्षं टीका होत राहिली की ही बाई समलिंगी मुलांच्या गोष्टी कोणत्या हक्काने लिहिते. शेवटी २०२०च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लेख लिहून जाहीर केलं की आपण स्वतः उभयलिंगी आहोत. हे आपल्या मनाने, आपल्या वेळेला सांगितलेलं नाही, सांगणं भाग पडलं, असा त्या लेखाचा सूर होता. ज्यांच्या पुस्तकाचा खलनायक हा दुसऱ्याचं गुपित चव्हाट्यावर मांडणारा शाळकरी मुलगा आहे त्याच लेखिकेवर वाचकांनी ही वेळ आणली. याहून मोठा धडा तो कोणता?

६. याला ‘कमिंग आउट’ची गोष्ट म्हणतात. पण तनय तर कोणालाच काही सांगत नाही!

फार नेमका प्रश्न. अमेरिकी किशोर-कादंबरीत सांगण्याचा क्षण हा कळस असतो. सायमनच्या चित्रपटाने तर तो क्षण आकाशपाळण्यावर नेऊन ठेवला. खाली सगळी शाळा जमली आहे, तिकिटं संपतात, पाळणा फिरतो, ब्लू येऊन शेजारी बसतो आणि पोरं टाळ्या पिटतात. पुस्तकात हेच जत्रेतल्या एका गरगर फिरणाऱ्या साध्या झुल्यावर घडतं, गर्दीशिवाय. दोघेच असतात. पुस्तकाला दोघांचं पुरेसं होतं, चित्रपटाला साक्षीला गाव हवं होतं. पुस्तकातून चित्रपट करताना जे हमखास होतं त्याचा हा छापील नमुना.

मराठी घरात मात्र घोषणा हा प्रकारच फारसा नसतो. आपल्याकडे गोष्टी कळतात, सांगितल्या जात नाहीत. ‘कोबाल्ट ब्लू’त स्फोट होतो तो अनुजाच्या पळून जाण्याचा. तनयचं दुःख त्या धुरळ्यात कोणाला दिसत नाही. मुलगी पळाली म्हणून घरात रडारड होते, नातेवाइकांचे फोन होतात. मुलाचं प्रेम गेलं त्याची कोणी दखलही घेत नाही, कारण ते होतं हेच कोणाला ठाऊक नाही. त्या पोराला बहिणीसाठी रडणाऱ्या घरात बसून स्वतःसाठी रडावं लागतं. माझ्या मते कादंबरीतली सर्वांत क्रूर आणि सर्वांत खरी जागा ही.

कायद्याचा काळही ध्यानात घ्या. पुस्तक आलं तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७नुसार असे शरीरसंबंध गुन्हा होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. इंग्रजी अनुवाद आला त्याच वर्षी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते संबंध कायमचे गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. म्हणजे एकाच गोष्टीची तीन रूपं, मराठी, इंग्रजी आणि पडद्यावरची, तीन वेगळ्या कायदेशीर हवामानांत जन्मली. २०२२च्या चित्रपटातला तनय जास्त उघडपणे बघतो, जास्त उघडपणे स्पर्श करतो. २००६च्या पुस्तकातला तनय बोलतो तेही गेलेल्या माणसाशी.

मराठीत या वाटेवर कुंडलकर पहिले नाहीत. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं, ‘मित्रा’ या नायिकेच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या. त्यात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची गोष्ट तिचा पुरुष मित्र सांगतो, जो स्वतः तिच्यात गुंतलेला आहे. पुढे रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्याच लेखनावरून ‘मित्रा’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेही प्रश्न तोच : गोष्ट कोणाची आणि सांगतो कोण? आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहिला नसेल तर जरूर पाहा. २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. तो कोणत्याही पुस्तकावरून केलेला नाही. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद, लग्नाचं विचारून भंडावणारे पाहुणे आणि सगळं माहीत असून मुलाची बाजू सांभाळून घेणारी आई. सांगून झालेलं आहे, पुढे काय, एवढीच ती गोष्ट. अनुजा-तनयच्या घरातून मराठी पडदा किती लांब आला आहे हे त्या आईकडे बघून कळतं.

७. आमच्या भाईंदरच्या वन-रूम-किचनमध्ये हे घडलंच नसतं, असं आम्हा दोघींचंही मत पडलं. तुमचं?

घडलं असतं, पण कादंबरी झाली नसती. या गोष्टीला एक रिकामी खोली लागते, वर, वेगळ्या जिन्याची, दार लावता येईल अशी. ज्या शहरात पेइंग गेस्ट म्हणजे एका हॉलमध्ये कॉट बेसिसवर चार जण, तिथे प्रेमाला भिंतच नाही तर दार कुठून येणार? शिवाय तुमच्याकडे ब्रोकर येणार, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट होणार, सोसायटीची एनओसी आणि पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं जाणार. फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता, सगळं सेक्रेटरीच्या फायलीत. कुंडलकरांच्या त्या माणसाला मीरा रोडला निनावी राहताच आलं नसतं आणि तो पळाला असता तर पत्ता चौकीत मिळाला असता.

म्हणून तुमच्या भागातली अशी गोष्ट घराबाहेर घडते. जेसल पार्कच्या खाडीकाठी, उत्तनच्या किनाऱ्यावर, चर्चगेटहून सुटलेल्या शेवटच्या भाईंदर लोकलच्या रिकाम्या होत जाणाऱ्या डब्यात. वरच्या खोलीची मिजास पुण्याच्या बंगलीला परवडते. मीरा-भाईंदरची ‘कोबाल्ट ब्लू’ अजून कोणी लिहिलेली नाही. लिहील तेव्हा ती मराठी, गुजराती, मारवाडी, उर्दू अशा मिसळत्या बोलीत असेल आणि तिच्यात एकांत ही सर्वांत महाग वस्तू असेल.

८. माझ्या धाकट्या बहिणीलाही हे द्यायचं आहे. तिच्या मुलाबद्दल तिला काही वाटतं आहे, पण ती बोलत नाही. आधी पुस्तक देऊ की चित्रपट?

आधी एक सावधगिरी. पुस्तक तिच्या हातात द्या, मुलाचं नाव घेऊन देऊ नका. ‘हे वाच, तुझ्या मुलाला समजून घे’ असं म्हटलंत तर तुम्ही त्याच्या वतीने सांगून टाकलंत. तो हक्क त्याचा आहे, तुमचा नाही आणि तिचाही नाही. ‘मी वाचलं, मला आवडलं, आमच्या घरात यावरून भांडण झालं,’ एवढं सांगा. ते खरंही आहे. पुढे तिला कधी कोणाशी बोलावंसं वाटलंच तर अशा मुलांच्या आई-बापांनीच चालवलेला ‘स्वीकार’ हा गट मुंबईत आहे. हमसफर ट्रस्ट १९९४पासून काम करतो आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभा केला. त्यांनी मराठीत या विषयावर सोप्या भाषेत बरंच लिहिलंही आहे.

आता क्रम. माझी शिफारस थोडी विचित्र वाटेल. तिला आधी पुस्तकाचा फक्त पहिला भाग वाचायला सांगा. मग चित्रपट दाखवा. मग दुसरा भाग. तनय वाचून झाल्यावर लगेच पाहिला तर चित्रपट त्याची उत्तम सोबत करतो. कोची, निळाई, नीलय मेहेंदळेचा कोवळा चेहरा, सगळं त्या आवाजाला शोभतं. या टप्प्यावर चित्रपटाला काही कमी आहे असं वाटतही नाही. मग अनुजाची डायरी उघडली की चित्रपटाने काय सोडलं ते तिला आपोआप कळेल, मला सांगावं लागणार नाही. आणि तुमच्या मुलीलाही आता उरलेलं निम्मं पुस्तक वाचायला द्या. चित्रपट तिने पाहिलाच आहे, तनय तिला ठाऊक आहे. अनुजापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यानंतरही वाद चालू राहिला तर पुन्हा जरूर लिहा, मात्र या वेळी दोघींनी वेगवेगळी पत्रं पाठवा.